दहाव्याला जपानी गायिका

तापाचं निमित्त झालं आणि नवरा गेला. मी रडले नाही. कळंबच्या बाया म्हणायच्या, "हिला रडवा गं, ऊर फुटंल हिचा." कसला फुटतोय! आत सगळं बधिर. चहा दिला की प्यायचे, ऊठ म्हटलं की उठायचे.

आमचे हे लोणी देवकरला कंपनीत होते. तिथं मशीन बसवायला आलेल्या जपानी माणसाच्या मोबाइलवर यांनी एका गायिकेचं गाणं ऐकलं आणि झालं, लागलं वेड! शब्द एक कळत नव्हता. सोळाव्या वर्षापासून गातेय म्हणे. तिकडच्या गाण्यांच्या यादीत दुसऱ्या नंबरपर्यंत पोचली, पण पहिला काही मिळेना. दर बुधवारी नवी यादी लागली की हे जेवण थांबवून बघायचे. "या टायमाला पैली येतीय बघ." मी म्हणायचे, "भाकरी गार होतीय, ती आधी बघा."

दहाव्याला नीरेच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. बाभळीवर नुसता बसून. जीव कशात तरी अडकलाय, सगळे म्हणायला लागले. सासरे म्हणाले, "डाळिंबाची बाग मोडणार न्हाय." दीर म्हणाला, "धाकट्या बहिणीचं लगीन थाटात करू." कावळा ढिम्म.

मग चुलत सासरे माझ्याकडं वळले. "सूनबाई, तुझ्यात जीव अडकलाय त्याचा. सांग त्याला, दुसरं घर करणार न्हाय, जन्मभर हितंच ऱ्हाईन."

मी सव्वीस वर्षांची, पदरात मूल नाही. पिंडापुढं दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. माझे वडील खाली मान घालून उभे. मी तोंड उघडलं ते 'हो' म्हणायलाच, देवाशपथ. निघालं भलतंच.

"तुमच्या त्या जपानी बाईची यादी मी दर बुधवारी बघीन. पैली आली की फोटोपुढं येऊन सांगीन."

"काय बडबडती ही?" चुलत सासरे खेकसले.

तेवढ्यात कावळा खाली उतरला, भाताला चोच मारली आणि घास घेऊन गेला. सगळ्यांनी हुश्श केलं. सासऱ्यांनी हात जोडले. वडील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सुटलीस पोरी. आता तुला कुणी अडवणार न्हाय."

घरी येऊन न्हाणीत गेले, कडी लावली आणि तेव्हा मला रडू कोसळलं. संतापानं. अहो, माझं नाव काढलं तर जागचे हलला नाहीत, आणि तिचं काढल्याबरोबर उठून चाललात?