हरणाऱ्याच्या वाट्याची कामं

पोकर ज्यांनी शोधून काढला त्यांना तो अजिबात कळला नव्हता, असं ठामपणे मानणारा माणूस जगात एकच असावा आणि तो सदाशिव पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. या काकांच्या मते पैसे लावण्यात कसली आलीय जोखीम? माणूस खरा घाबरतो तो रखडलेल्या कामांना. म्हणून रविवारी सकाळी त्यांच्याकडे पैशांऐवजी चिठ्ठ्या लावतात. एका चिठ्ठीवर आपण टाळत असलेलं एक काम. पाच पत्ते, बदलायची संधी एकदाच, बोली वाढवायची तर आणखी एक चिठ्ठी. मध्येच पत्ते टाकून सुटका नाही. शेवटी ज्याचे पत्ते सर्वांत हलके, त्याने सगळ्यांची कामं करायची.

यापायी मी तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या सासूबाईंना खराडीला साखरपुड्याला नेऊन आणलंय आणि सबंध रस्ता जावयाबद्दलची त्यांची मतं ऐकलीयत. डॉक्टरांनी आमचा मिक्सर दुरुस्तीला नेलाय. एकदा माझी बायको हरली, तेव्हा मी आता जिमला येणार नाही, हे तिला माझ्या जिमवाल्याला सांगावं लागलं. मी हसलो तर काका म्हणाले, "हसू नका. त्याला आनंद झाला म्हणे."

काकू हिवाळ्यात गेल्या, चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यांनी शिवायला टाकलेल्या ब्लाउजची पावती काकांच्या फ्रिजवर तशीच राहिली. शिंप्याचे फोन येत, काका उचलत नसत. आम्ही आणून देतो म्हटलं की ते विषय बदलत.

गेल्या रविवारी त्यांनी चिठ्ठीऐवजी ती पावतीच टेबलावर ठेवली आणि मुकाट्याने पत्ते वाटले. काहीही करून आपण हरायचं, हे कोणी न बोलता आम्ही तिघांनीही ठरवून टाकलं. हातात राजांची जोडी होती, ती मी फेकली. बदलून दोन सत्त्या आल्या, आणि एक सत्ती हातात होतीच! बायकोने चांगले पत्ते मोडले तर तिला एक्क्यांची जोडी लागली. डॉक्टरांनी पाचही पत्ते बदलून दोन गुलाम मिळवले आणि घाम पुसला. एरवी असे पत्ते कुणाला मिळतात?

काकांनी एकही पत्ता बदलला नाही. हलका हात न बदलणाऱ्याला ते आजवर गाढव म्हणत आलेत. त्यांनी पत्ते उघडले तेव्हा त्यात साधी जोडीही नव्हती, नव्वीच्या वर काही नव्हतं.

"मी जातो ना," मी म्हणालो.

"तुमच्या तीन सत्त्या आहेत. नियम म्हणजे नियम." पण बूट घालताना त्यांना नाडी बांधता येईना. मी स्कूटर काढली. चालकाला नियमात बंदी नव्हती.

मंडईमागच्या त्या म्हाताऱ्या शिंप्याने ब्लाउज काढून दिला आणि विचारलं, "वहिनी नाही आल्या? घालून बघितला असता."

"त्या आता नाहीत," काका म्हणाले. पहिल्यांदाच ते मोठ्याने म्हणाले असावेत, कारण त्यांनी काउंटरची कड धरली. "बरोबर बसला असता. तुमच्याकडचं कधी उसवावं लागलं नाही."

शिंप्याने सवयीने मापांची वही उघडून काकूंच्या नावावर काट मारायला पेन्सिल उचलली.

"राहू द्या," काका म्हणाले. "तेवढी जागा असेल तुमच्या वहीत."