शिवलेलं पोतं

शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लातूरच्या आडत बाजारात चाळीस वर्षं मी माल पारखला. पोत्यात टोकदार नळीची परखी खुपसायची, निघालेले दाणे तळहातावर घ्यायचे, एक दाताखाली फोडायचा आणि बोलायचं. मी "सरासरी" म्हणलं की आडत्या त्या पोत्याकडं दुसऱ्यांदा बघत नव्हता. आणखी एक रीत होती. सुतळीनं शिवलेलं पोतं परत फोडायचं नाही. जो फोडेल, पुढची जोखीम त्याची. मी कधीच फोडलं नाही.

औंदा नातीनं माझ्यापुढं कागद ठेवले. मुरुडजवळच्या आमच्या गावातून रोज एसटीनं लातूरला जाऊन तिनं बीएस्सी केली, मग नांदेडला राहून एमएस्सी. आता तिला तुरीच्या मर रोगावर पीएचडी करायची होती. नांदेडचे एक सर तिला घ्यायला तयार होते. पण बीएस्सीचे मार्क बघून म्हणाले होते, मुलाखतीत हेच काढतील, घरी बोलून ठरव. अर्जाला आठ दिवस राहिले होते.

"आप्पा म्हणतील तसं," तिचा बाप, म्हणजे माझा पोरगा म्हणाला.

मी चष्मा लावला. "सरासरी माल हाय. सरासरीला एवढ्या लांबचा बाजार कशाला?"

"एमएस्सीचा कागद खाली हाय, त्यो बघितलाच न्हाई तुमी," सून आतून बोलली.

"लोक वरचाच बघतेत."

नात हसली. "आप्पा, परखी वरच मारत होता व्हय? मला तर वर, मधी, तळाला, तीन जागी मारायची म्हणून शिकवलं."

मी आवाज चढवला. "बाजारात कोण बसलं हुतं, तू का मी?"

"बरं," ती म्हणाली.

आमच्या घरात एवढ्यावर कुणी थांबत नाही. ओलं सोयाबीन थप्पीला लागलं की वरून काही कळत नाही. कोपरापर्यंत हात घातला की आत ऊब लागते, तेव्हा समजायचं, माल आतून सडतोय. तशी ऊब घरात जाणवायला लागली. पोरगी जेवत होती, म्हशीची धार काढत होती, विचारलं तर "व्हय" म्हणत होती. आधी ती मर लागलेली तूर उपटून आणायची, साल सोलून आतली काळी रेघ दाखवायची. "वरून हिरवंच असतंय, आप्पा." त्या आठवड्यात ती शेताकडं फिरकली नाही.

पाचव्या दिवशी ओसरीवर पोतं दिसलं. आत तिची पुस्तकं, वह्या, वाळलेली खोडं. तोंड दाभणानं शिवलेलं, माझ्याच टाक्यानं, दोन्ही बाजूंना कान काढून.

"हे कुठं चाललं?"

"रद्दीवाला येणार हाय," नात म्हणाली.

मी पोत्यासमोर बसून राहिलो. थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाशी रद्दीवाल्याचा भोंगा वाजला. मी सुतळीला हात घातला. बरोबर टोक धरलं की सगळी शिवण सर्रकन निघते. त्या दिवशी मला टोक सापडेना.

सून दारात आली. "आप्पा, शिवलेलं फोडत नसतेत म्हणता ना?"

"फोडायलोय, दिसत न्हाई का?"

नातीनं पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही. "मग जोखीम कुणाची?"

"माझी."

दुपारी तिनं मोबाईलवर अर्ज भरला.

मुलाखत मागच्या आठवड्यात झाली. बीएस्सीचाच कागद घेऊन बसले होते, एवढंच ती फोनवर बोलली. निकाल लागेपर्यंत ती नांदेडलाच मैत्रिणीच्या खोलीवर थांबली आहे.

इकडं तूर फुलावर आली आणि तीन झाडांनी माना टाकल्या. शेजारी म्हणतो, उपटा आणि जाळा, न्हाईतर सगळ्या रानात पसरंल. मी नातीला फोन लावला.

"उपटू नका, मला लागतील."

"आन् न्हाई घेतलं तुला तर?"

ती म्हणाली, "जोखीम तुमची हाय ना, आप्पा."

आज सकाळी मोजली, माना टाकलेली झाडं तीनाची सात झाली. मी एकही उपटलं नाही.