कुसुमताईंच्या छताचे काय?

कुसुमताईंची आणि माझी पहिली भेट येरवड्यातल्या त्यांच्या चाळीत झाली आणि पहिल्याच भेटीत माझे डोके उठले. एकटीने मुले वाढवणाऱ्या बायकांची ही चाळ. दुरुस्ती रहिवाशांनी स्वतःच करायची ठरवली होती आणि इंजिनिअर म्हणून मला बोलावले होते. मी म्हणालो, सगळ्यांनी सहा महिने बाहेर राहा, काम चोख होईल. ताई म्हणाल्या, “अहो, बाहेर जागा असती तर आम्ही इथं कशाला राहिलो असतो?”

शबाना तर उंबरठा सोडायलाच तयार नव्हती. पूर्वी ती आईकडे गेलेली असताना जुन्या घरमालकाने तिच्या खोलीला आपले कुलूप ठोकले होते. “खोली सोडली की गेली, साहेब,” एवढेच ती म्हणे.

मग ताईंनी मार्ग काढला. एका वेळी एकच खोली दुरुस्त करायची, तोवर त्या कुटुंबाने ताईंकडे राहायचे. किल्ली त्या बाईच्याच कमरेला. तिने दिल्याशिवाय गवंड्यानेही दार उघडायचे नाही. सहा महिन्यांचे काम तीन वर्षे चालले. ओट्याची उंची ठरवायलासुद्धा बैठक! गवंडी माझ्यावर चिडत, मी ताईंवर, आणि ताई आम्हा सर्वांना चहा देत.

माझा खरा संताप वेगळाच होता. चाळीतले सर्वांत वाईट छत ताईंचे, आणि नेमकी तीच खोली कायम पाहुण्यांनी भरलेली. पोपडे पडत, ताई खाट सरकवत. मी ओरडलो की म्हणत, “आधी शबानाचं होऊ दे.” शबानाचे झाले, मग शेजारणीचे. खरे सांगायचे तर मला भीती वाटे. असे माणूस त्या स्लॅबखाली गमवायचे की काय?

गेल्या आठवड्यात बाकी सगळ्या खोल्या पूर्ण झाल्या. तरी ताईंचे पालुपद सुरूच: “पंचाहत्तरी होऊ दे, मग बघू.” तेव्हा शबानाने त्यांचे अंथरूण उचलून आपल्या खोलीत नेले, ताईंच्या दाराला कुलूप लावले आणि किल्ली त्यांच्या मुठीत ठेवली. “आता मुकाट्यानं चला. खोली कुठं जात नाही.” ताईंनी किल्ली कमरेला खोचली आणि तिच्यामागे निघाल्या. माझे डोळे भरून आले, हे गवंड्यांना कळू नये ही विनंती.

ताई, आज तुमची पंचाहत्तरीही झाली. आपण निरोगी राहा, शंभरी गाठा, पण नव्या छताखाली. गवंडी रोज सकाळी येऊन दाराशी बसतात. आता तेवढी किल्ली द्या.