दहीभाताला न शिवलेले सीगल

शकुन-अपशकुन, आत्मे-बित्मे यांवर माझा कधीच काडीचा विश्वास नव्हता. मी केमिस्ट्री शिकलेली बाई... पितृपंधरवड्यातसुद्धा कावळ्यांची थट्टा करणारी. तरी हे लिहितेय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत पार्सिपनीला राहायचो आणि माझी आई देवगडहून पहिल्यांदाच अमेरिकेला आली होती. मी तान्ही असताना, दुसऱ्या महायुद्धात, माझ्या वडिलांची मालवाहू बोट याच अटलांटिकमध्ये टॉर्पेडोने बुडाली. ते बोटीवर आगवाला होते, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा ओतणारे. पण इथल्या मराठी मंडळात कुणीतरी विचारलं तेव्हा मी "नेव्हीत होते" म्हणून मोकळी झाले. पुढच्या गणपतीपर्यंत मंडळींनी त्यांना ऑफिसर करून टाकलं आणि मीही ते खुशाल होऊ दिलं.

मंडळातल्या डॉक्टरकाकांना युद्धाच्या इतिहासाचं भारी वेड. जर्मन पाणबुड्यांवर नजर ठेवायला बांधलेला काँक्रीटचा टॉवर केप मे गावाजवळच्या किनाऱ्यावर अजून उभा आहे, तो बघायला जाऊ, असं त्यांनीच ठरवलं. निघण्यापूर्वी मी आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "आई, बाबा काय काम करायचे ते काकांसमोर काढू नकोस हं." तिने मान हलवली आणि डब्यात दहीभात भरला.

टॉवर बघून आम्ही वाळूवर बसलो. काकांनी सँडविच काढलं मात्र, एका सीगलने ते हातातून पळवलं! आम्ही पोट धरून हसलो. आईने मात्र कागदी प्लेटवर दहीभात काढून पाण्याच्या दिशेने ठेवला.

"ह्यांच्या दहाव्याला कावळा शिवलाच नाही गो," ती म्हणाली. "शेवटी दर्भाचा कावळा लावून उरकलं. इथले कावळे हेच."

सीगल जमले. प्लेटभोवती उभे राहिले... आणि एकही पुढे येईना. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, बाजूला चिप्स टाकून पाहिल्या, तर त्यांवर झुंबड! चिप्स संपल्या की पुन्हा भाताभोवती गप्प उभे. आई हात जोडून पुटपुटत होती, "लेक सुखात आहे... जावई चांगला आहे... घर झालं..." पक्षी ढिम्म.

"इट्स द योगर्ट, यार," सुधीर हळूच म्हणाला.

काका माझ्याकडे वळले. "शालन, वडील कोणत्या जहाजावर ऑफिसर होते गं?"

आईने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वाळूकडे वळवली. लाज वाटायला हवी होती ती मला, आणि मान खाली घातली तिने! बसल्या जागी वाळूत शिरावंसं वाटलं.

"ऑफिसर नव्हते, काका," मी म्हणाले. "आगवाला होते. बॉयलरमध्ये कोळसा ओतायचे. मी खोटं सांगितलं होतं."

काका काही बोलायच्या आत एक सीगल चालत पुढे आला. उडत नाही, झडप नाही... चालत. त्याने भातात चोच घातली, घास घेतला आणि समुद्राकडे उडाला. मागोमाग बाकीचेही उडून गेले. उरलेल्या भाताला कुणी शिवलं नाही.

परतताना काका बराच वेळ पक्ष्यांच्या सवयींबद्दल सांगत राहिले, बहुधा माझा संकोच घालवायला. त्यातलं काही मला पटलं नाही. दुसरं कारणही आजवर सापडलेलं नाही.

मागच्या सीटवर आई माझ्या शेजारी बसली होती, रिकामा डबा मांडीवर घेऊन. पार्सिपनी जवळ आलं तेव्हा तिने माझ्या हाताला हळूच स्पर्श केला आणि पुढच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं,

"आता त्यांच्याबद्दल बोललं तर चालेल ना गो?"