टूरवाल्यांनी नाही म्हटलं, म्हणून आम्ही दोघंच व्हिएतनामला गेलो

नगरमधल्या एका टूर कंपनीच्या ऑफिसात आम्ही व्हिएतनामचं बुकिंग करायला गेलो होतो. काउंटरवरची मुलगी गोड बोलत होती. रंगीत कागद दाखवत होती, नाश्ता कुठे, क्रूझ कुठे सगळं सांगत होती. तेवढ्यात माझ्या मिस्टरांना खोकला आला. त्यांचा खोकला तोंडातून येत नाही, गळ्यातून येतो. तिनं त्यांच्या गळ्यावरच्या पांढऱ्या कापडाकडे पाहिलं, आत जाऊन साहेबांना विचारून आली आणि मला म्हणाली, "काकू, ग्रुपमध्ये बाकीच्या फॅमिली असतात ना. काकांना असं... जेवताना वगैरे लोकांना अवघड वाटतं. तुम्ही दुसरीकडे बघता का?"

काका तिच्या समोर बसले होते. तिनं विचारलं मला.

मी सोनईच्या शाळेत मराठी शिकवते. मला शब्द कमी पडत नाहीत. त्या दिवशी मात्र एवढंच बोलले, "कागद ठेवा तुमच्याकडेच. आमचे आम्ही जातो." आणि जिना उतरले. 'आमचे आम्ही' म्हणजे नेमकं कसं, हे मला ठाऊक नव्हतं.

आधी यांची ओळख करून देते. रावसाहेब, वय अठ्ठावन्न. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात तीस वर्षं म्हशींचे दलाल. यांचा आवाज बाजाराच्या ह्या टोकाचा त्या टोकाला जायचा. तोंडात कायम तंबाखू. तीन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. आता गळ्याच्या खाली रुपयाएवढं भोक आहे, श्वास तिथूनच चालतो. आवाज नाही. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज येतो त्यातून. ते यांनी कपाटात टाकून दिलं. ओठ हलवतात, हातानं सांगतात, नाहीतर मोबाईलवर टाइप करतात. आणि बहुतेक वेळा मीच त्यांच्या वतीनं बोलते. बाजारात जाणं त्यांनी बंद केलं.

व्हिएतनामच का, हे पुष्कळांनी विचारलं. उत्तर सोपं आहे. डोंगरातल्या बाक हा नावाच्या गावात रविवारी म्हशींचा बाजार भरतो. त्याचा व्हिडिओ यांनी मला इतक्या वेळा दाखवला की त्यातल्या म्हशी मी ओळखायला लागले.

घरी सांगितल्यावर अशोक भावजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, ओट्यावरून उठलेच. "वहिनी, डोकं फिरलंय का? दादाला बोलता येत न्हाई, तुमाला तिथली भाषा येत न्हाई. तिकडं काय झालं तर कोन हाय आपलं? त्यापरीस तुळजापूर, अक्कलकोट करून या. गाडी मी चालवतो."

"भावजी, यांना देव नाही बघायचा. म्हशी बघायच्यात."

"म्हशी घोडेगावात न्हाईत व्हय?"

हे नुसते हसले. आवाज नसलेलं हसणं, खांदे हलतात तेवढेच.

ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांच्यासाठी तयारीचं सांगते. व्हिसा ऑनलाइन मिळतो, आमचा आठवडाभरात आला. डॉक्टरांकडून इंग्रजीत एक चिठ्ठी घ्या, विमानतळावर तपासणीला कामाला येते. गळ्यावरची सुती कापडं मी घरीच शिवते, ती वीस नेली. विमानात हवा फार कोरडी असते, कापड अधूनमधून ओलं करावं लागतं. डॉक्टरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली, पाण्यापासून जपा. त्या भोकात पाणी गेलं तर ते सरळ फुप्फुसात जातं. पोहणं नाही, शॉवरखाली मान नाही.

मुंबईहून हनोई पाच-साडेपाच तास. तिथल्या इमिग्रेशनच्या रांगेत मी यांना चिकटून उभी होते. यांचा नंबर आल्यावर मीही काचेपाशी गेले आणि माझं इंग्रजी सुरू केलं. आतल्या अधिकाऱ्यानं हात वर करून मला पिवळ्या रेषेमागे पाठवलं. तीन वर्षांत हे एकटे कुठल्याही खिडकीपुढे उभे राहिले नव्हते. बँकेत मी, दवाखान्यात मी, मेडिकलवर मी. अधिकाऱ्यानं काहीतरी विचारलं. यांनी गळ्यावरचं कापड दोन बोटांनी किंचित उचललं, परत ठेवलं, हॉटेलचा कागद पुढे सरकवला. त्यानं मान हलवली आणि शिक्का मारला. मिनिटभराचं काम. माझ्या वेळेला मात्र त्यानं चार प्रश्न विचारले.

हनोईच्या जुन्या भागात स्कूटर म्हणजे मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारख्या. रस्ता ओलांडायची माझी हिंमत होईना. यांनी बुजलेलं जनावर थोपवताना करतात तसा हात आडवा धरला, दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं आणि चालायला लागले. न थांबता, न पळता. स्कूटरवाले आजूबाजूनं वाहून गेले. तिथे रस्ता असाच ओलांडायचा असतो, हे मला नंतर कळलं.

फुटपाथवर लहान मुलांच्या शाळेतल्यासारखी बुटकी प्लास्टिकची स्टुलं. मोठ्या पातेल्यात रस्सा उकळत होता. त्याला ते 'फ' म्हणतात, तांदळाच्या शेवया, रस्सा आणि मांस. आम्हाला बैलाचं चालत नाही. मी इंग्रजीत सांगितलं, मग हळू इंग्रजीत, मग चक्क मराठीत. बाई नुसती बघत राहिली. यांनी मला बाजूला केलं आणि दोन्ही कोपर फडफडवून कोंबडी करून दाखवली. सगळं दुकान हसलं. बाईनं डोक्यावर दोन बोटांची शिंगं धरून विचारलं, यांनी हात जोडून मान हलवली. झालं काम. 'फ गा' म्हणजे कोंबडीचं, लक्षात ठेवा. आपल्या पैशात एक वाटी दीड-पावणेदोनशेला पडते, आणि पोट भरतं.

यांना गरम रश्श्यावर फुंकर घालता येत नाही. तोंडात वाराच नसतो. घरी मी घालते, तिथेही घातली. शेजारी बसलेली दोन मुलं बघत होती. बघू देत.

दुसरा दिवस हनोईतच पायी हिंडलो. शनिवारी सकाळी बाक हाची बस. झोपून जायची सीट, चढताना चपला काढून पिशवीत घ्यायच्या. साधारण सात तास लागले, शेवटचा घाट वळणांचा. थंडी होती. थंड हवा थेट छातीत जाते म्हणून मी यांच्या गळ्याभोवती माझा स्कार्फ गुंडाळला.

रविवारी सकाळी बाजारात आधी बायकांचे नक्षीचे रंगीबेरंगी घागरे दिसले, मग भाजी, मग घोडे, आणि उताराच्या टोकाला म्हशी. आपल्यापेक्षा बुटक्या, भरलेल्या, मागे वळलेल्या शिंगांच्या. दुधासाठी नव्हेत, औताच्या. यांची चालच बदलली. खांदे मागे गेले. एका म्हाताऱ्याच्या रेड्याजवळ जाऊन यांनी आधी पाठीवरून हात फिरवला, मग खूर बघितले, मग एका हातानं नाकाशी धरून जबडा उघडला. म्हातारा सावध होऊन पुढे आला. यांनी चार बोटं दाखवली, चार वर्षांचा. म्हाताऱ्यानं जोरात मान हलवून तीन दाखवली. यांनी परत जबडा उघडला आणि त्याला एक-एक दात दाखवला. आजूबाजूला माणसं जमली. म्हाताऱ्यानं स्वतः वाकून बघितलं, जसं काही स्वतःच्या रेड्याचे दात आजच दिसले, आणि हसत चार बोटं वर केली.

मग यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. घोडेगावात भाव बोलून करत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे चारचौघांना कळत नाही. यांनी म्हाताऱ्याचा हात धरून त्यावर टॉवेल टाकला. त्यानं दचकून हात मागे घेतला. यांनी परत पुढे केला. ह्या वेळी त्यानं राहू दिला. आत काय चाललं ते मला दिसत नव्हतं, पण म्हातारा आधी गोंधळला, मग डोळे बारीक केले, मग खो खो हसत सुटला.

मी मोबाईलमधल्या भाषांतराच्या ॲपमध्ये मराठीत बोलले, "माझे मिस्टर म्हशींचे दलाल होते."

यांनी ते ऐकलं. फोन माझ्या हातातून घेतला, सगळं पुसलं आणि स्वतः टाइप केलं, 'मी दलाल हाय.' ॲपनं त्या 'हाय'चा इंग्रजी 'हाय' केला असावा, कारण म्हाताऱ्यानं वाचून हात उंचावून आम्हाला मोठ्यानं नमस्कारासारखं काहीतरी म्हटलं. सगळेच हसले. मग त्यानं मक्याची दारू पुढे केली. मी डोळे वटारले. यांनी माझ्याकडे बघत बघत एक घोट घेतला.

आता जे सांगते ते सांगायला मला अवघड जातंय.

दोन दिवसांनी आम्ही निन्ह बिन्हला गेलो, हनोईपासून दोन तास. उभे डोंगर, मधून नदी, आणि ती नदी डोंगरांच्या पोटातल्या गुहांमधून जाते. होडीतून अडीच तासांची फेरी असते. मी आधीच ठरवलं होतं की काठावर बसून फोटो काढायचे. हे तिकिटं घेऊन आले. दोन.

"नाही," मी म्हणाले. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? होडी हलली तर? आत पाणी ठिबकतं. तुम्हाला ओरडता तरी येणार आहे का?"

शेवटचं वाक्य निघून गेलं तोंडातून. यांनी मोबाईल काढला. बराच वेळ टाइप करत होते. मग स्क्रीन माझ्यापुढे धरली.

'समद्यांशी भांडून तू मला हितं आणलं. आन् हितं येऊन तूच टूरवाली झाली.'

मी म्हणाले, "मग जा एकटे." रागानं म्हणाले. मला वाटलं होतं, जाणार नाहीत.

ते गेले. लाइफ जॅकेट घातलं, होडीवालीशी काहीतरी खाणाखुणा केल्या, आणि होडी वळणाआड गेली. मी काठावर दगडासारखी बसले. अडीच तास मी त्या पाण्याकडे बघितलं. परत येणारी प्रत्येक होडी मोजली. वाईटसाईट सगळं मनात आलं, भावजींचा चेहराही आला. आणि मध्येच कधीतरी, राग उतरल्यावर, त्या काउंटरवरच्या मुलीचा आवाज कानात आला. दुसऱ्यांना अवघड वाटतं, म्हणाली होती ती. मला तरी दुसरं काय वाटत होतं? भीती माझी होती आणि काठावर बसायला मी त्यांना सांगत होते.

होडी आली तेव्हा हे कोरडे होते, पँट फक्त गुडघ्याला भिजली होती. चेहरा असा, की लग्नाच्या फोटोतही नाही. मागच्या सीटवरच्या दोन कोरियन मुलींनी व्हिडिओ काढला होता, तो यांच्या मोबाईलवर घेतला. त्यात दिसलं. निघायच्या आधी यांनी होडीवालीला कापड उचलून भोक दाखवलं होतं, ओंजळीत पाणी घेऊन तिकडे नेण्याची खूण केली होती आणि मान टाकून डोळे मिटले होते. मरेन, म्हणून. त्या बाईनं गंभीरपणे मान हलवली, यांना मधोमध खाली बसवलं, आणि गुहा आल्यावर स्वतःच्या डोक्यावरची टोकदार टोपी काढून यांना गळ्यावर आडवी धरायला दिली. वरचं पाणी टोपीवर टपटपत होतं. होडीवालीचे केस भिजत होते.

मी इतकं नीट सांगू शकले नसते. मी तिला दहा मिनिटं इंग्रजीत घाबरवलं असतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. यांनी दुसरं तिकीट खिशातून काढून माझ्या हातावर ठेवलं. वापरलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी मी आणखी एक काढलं. दुपारच्या फेरीला आम्ही दोघं गेलो, त्याच बाईच्या होडीत. पहिल्या गुहेत मी डोळे घट्ट मिटले. दुसरीपासून उघडे ठेवले.

सोनईला परत येऊन आता तीन आठवडे झाले. काय राहिलं, असं विचाराल तर डोंगर आणि रस्सा राहिलाच, पण मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी अशोक भावजी आले. नेहमीप्रमाणे भावासमोर खुर्ची टाकून बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, दादाला आवडलं का तिकडं? काय म्हणतेत?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. पूर्ण, सविस्तर, म्हाताऱ्यापासून होडीपर्यंत. मी म्हणाले, "त्यांना विचारा ना."

"आवो पण..."

"समोर बसलेत की तुमच्या. विचारा."

आणि मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर भावजींची खुर्ची करकरली. मला दोनदा वाटलं, जावं बाहेर. गेले नाही. चहा उकळून उकळून काळा झाला. मग भावजींचा आवाज आला, "ऑं? खरंच?" मग थोडं थांबून, "मग त्यो काय म्हणला?" आणि मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

यांनी त्यांना काय सांगितलं, ते मला अजून माहीत नाही. मी विचारलेलं नाही.