तिच्या नावापुढं ‘स्थलांतरित’

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तांदूळ आणणं. कोथरूडला मुलाच्या सोसायटीखाली दुकान आहे. पार्वतीनं, माझ्या बायकोनं, पोत्यातला एक दाणा उचलून दाताखाली फोडला. मग शेजारच्या पोत्यातला. आम्ही भंडाऱ्याकडची माणसं. तांदूळ जुना की नवा, हे आम्ही दातालाच विचारतो. दुकानदार म्हणाला, “आजी, तांदूळ घेताय की त्याची मुलाखत?”

“मुलाखतीत नापास झाला जी तुमचा तांदूळ. नवा हाय,” ती म्हणाली. तरी घेतला, कारण घरात नव्हता. लिफ्टमध्ये मला म्हणते, “एवढा पैसा देऊन भाताचा गोळाच होते इथं.” संध्याकाळी तिचं तोंड वाकडं झालं. दवाखान्यात नेईपर्यंत बोलणं बंद. पहाटे मेली. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले.

गाव सोडलं तेव्हा कुलूप तिनंच लावलं होतं. मुलगा नितीन हिंजवडीत कंपनीत आहे. म्हातारपणी तिकडं एकटे राहू नका म्हणून त्यानं गाडी आणली. ही गाडीतून उतरून परत गेली आणि कुलूप ओढून पाहिलं. तिची धाकटी बहीण सखू शेजारच्याच घरात राहते. ती दारात उभी राहून रडत होती. पार्वती तिला म्हणाली, “रडून काहून राहिली वं? गोळी घेत जाय टायमावर.” दोघींनाही बीपी. गावच्या उपकेंद्रातून एका पाहणीसाठी ती गोळी फुकट मिळायची. अधूनमधून दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचे आणि ठीक आहात ना विचारायचे. गोळीनं म्हातारी माणसं किती सुधारतात ते त्यांना बघायचं होतं. पार्वती पुण्यात आल्यावरही ती गोळी रोज घ्यायची.

गावाकडचे तुम्ही, आणि माझ्यासारखे पोरांच्या मागं इथं आलेले तुम्ही, तुम्हाला एक सांगतो. गावात माणूस मेलं की गल्लीला सांगावं लागत नाही. बायका येतात, शेजारची चूल पेटत नाही. इथं सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली आणि दुपारी पाण्याच्या टँकरची सूचना आली. पुढं खालच्या बाकावर बसणाऱ्या एक बाई मला म्हणाल्या, “आजी दिसत नाहीत. गावाला का?” मी मान हलवली. कोण समजावत बसणार.

मग पाहणीवाल्या मुलीचा फोन आला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून. पार्वती जिवंत असताना, आम्ही निघाल्यावर लगेच, उपकेंद्रातल्या बाईनं ‘घर बंद’ असं कळवलं होतं, तेवढंच तिला माहीत. गोड आवाज होता. “आजोबा, तुम्ही पुण्याला गेलात म्हणे. आजी पण तिथंच आहेत ना?”

मी म्हणालो, “होय.”

“बरं झालं. मग दोघांच्याही नावापुढं स्थलांतरित लिहिते. आजींना नमस्कार सांगा.”

फोन ठेवला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कुणीतरी तिला नमस्कार पाठवला होता. पण त्या दिवसापासून डोकं ठिकाणावर राहीना. खालच्या बाईंच्या लेखी पार्वती गावाला, गावच्या पाहणीत ती पुण्यात. मग ती आहे कुठं? लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबायची, दार उघडायचं, आत कुणी नसायचं. मी उठून बघायला जायचो. जिवंत होती तेव्हा ती म्हणायची, “समदे दरवाजे एकसारखे. मी हरवली त कोन्ता दरवाजा ठोकू?” मला वाटायचं, ती याच बिल्डिंगीत मजल्यामागून मजले फिरतेय आणि लाजेनं दार ठोकत नाही. म्हणून मी दुपारभर आमचं दार उघडं ठेवायचो. नितीन ओरडायचा, “बाबा, मांजरं येतात.” येऊ देत.

सून वर्षा दातांची डॉक्टर. दवाखाना सोडून ती आता लोकांच्या आरोग्याचा, म्हणजे साऱ्या गावाची तब्येत एकदम कशी बघायची त्याचा, कोर्स करतेय. त्यात आकड्यांचा एक विषय आहे, त्यात तिला घाम फुटतो. मास्तरांनी सांगितलं होतं, ज्याला काही कळत नाही त्याला शिकवा, म्हणजे तुम्हाला येईल. तसा माणूस घरात आयताच होता. मी चौथी शिकलेला, जन्म राईस मिलमध्ये पोती उचलण्यात घातलेला. जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून ती बोलायची, मी शेंगा सोलत ऐकायचो. सरासरी समजली. सॅम्पलही समजलं, शितावरून भाताची परीक्षा. बाकी डोक्यावरून गेलं.

त्या संध्याकाळी ती म्हणाली, “बाबा, समजा गावातल्या बायकांना गोळी दिली. बारा महिन्यांनी परत गेलो, तर काही जणी सापडल्याच नाहीत. त्यांचं काय करायचं?”

“सोडून द्यायच्या. ज्या आहेत त्यांचीच सरासरी काढ.”

“असं कसं?”

“आमच्या मिलमध्ये फुटलेलं पोतं मोजत नसत. बाजूला सारायचं, राहिलेल्या पोत्यांचं वजन लिहायचं. मालक खूश.”

वर्षा हसली. “आणि मग सांगायचं, आमच्या मिलमध्ये पोती फुटतच नाहीत?”

ती आपल्या नादात पुढं बोलत गेली. “एखादी गाव सोडून गेली, ती वेगळी. एखादी गोळी घेऊनही मेली, ती वेगळी. दोघींना एकाच खणात टाकलं की गोळी आहे त्याहून चांगली दिसते. मग बाकीच्या बायकांना डॉक्टर म्हणणार, घेताय ना गोळी, मग झालं, घरी जा.”

माझ्या डोळ्यांपुढं सखू आली. तीच गोळी घेते, घेऊन निवांत झोपते.

“अशी एक बाई आहे,” मी म्हणालो, आणि फोनवर काय बोललो ते तिला सांगितलं.

वर्षानं लॅपटॉप मिटला. रागावेल असं वाटलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “बाबा, गोळी वाईट नाहीये. सखूमावशींनी ती बंद करायची नाही, हे त्यांना आजच सांगते. पण कुणाला ती पुरत नाही हे कळलं, तरच त्यांचं बीपी नीट तपासतील, औषध बदलतील. आईंचं तिथं नोंदायला हवं.”

“तू कर फोन.”

“करते. सांगाल तर आत्ता करते.” फोन हातात घेऊन म्हणाली, “पण आई आहेत असं त्या मुलीला तुम्ही सांगितलंय.”

मुलीला खरं सांगितलं की पार्वती जिवंत असलेली पृथ्वीवरची शेवटची जागा मीच बंद करणार होतो. त्या रात्री सखूच्या घरचा आवाज वर्षाच्या फोनमधून ऐकू येत होता. सखू विचारत होती, “भाऊजी जेवले का?” बहीण मेली तरी विचारते.

सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बाल्कनीत बसलो आणि त्या मुलीला फोन लावला. म्हणालो, “पोरी, मी खोटं बोललो. आमची पार्वती मेली. गोळी रोज घेत होती, तरी मेली. तसं लिही.”

तिनं हळू आवाजात कधी, कशानं ते विचारलं. मी सांगितलं. “ठिकाण काय लिहू आजोबा? गाव की पुणे?”

“पुणे. इथंच तिला अग्नी दिला.”

“आणि तुमचं? गावी परत येणार का?”

समोरच्या बिल्डिंगीत कुणीतरी चादर झटकत होतं. रस्त्यावर कंपनीची बस हॉर्न वाजवत होती, नितीन धावत होता. मी म्हणालो, “ती जिथं मेली तिथंच माझं घर. माझं स्थलांतरितच राहू दे.”

फोन ठेवला, आत आलो आणि दार लावून घेतलं.