कपाळावरची चिकटपट्टी

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "नक्की आपल्याच ना?" सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या बाईंबद्दल असं कुणी विचारतं का? पण प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची सवय मला ताईंनीच लावली होती, आणि ती लावावी लागेल असा गाढवपणा मी करून ठेवला होता.

सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या ताई आमच्या आणे गावातल्या ट्रस्टच्या विश्वस्त. मीही विश्वस्त; माझी गुणवत्ता एवढीच की माझ्याकडे मोटारसायकल होती. नव्वदच्या दशकातलं आमचं मोतीबिंदूचं शिबिर. डॉक्टरांनी तपासून ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं ते कागदावर लिहायचं आणि मी त्या डोळ्याच्या वर, कपाळाला, चिकटपट्टी लावायची. चौदा म्हातारी माणसं टेम्पोतून ऑपरेशनसाठी पुण्याला निघाली. मी ऐटीत चहा घेत कागद चाळू लागलो आणि कप तसाच खाली ठेवला. समोर बसलेल्या माणसाचा डावा डोळा माझ्या उजव्या हाताला येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं; पट्ट्या उलट्या डोळ्यांवर लागल्या होत्या.

"किती जणांना?" ताईंनी विचारलं.

"सगळ्यांना... पण ताई, तिथले डॉक्टर पुन्हा बघतीलच की."

"आन् न्हाई बघितलं तर? त्यातल्या सोनाबाईला एकच डोळा धड हाय. गाडी काढ."

गावातला फोन दोन दिवस बंद होता. ताई मागे बसल्या. घाटाच्या प्रत्येक वळणावर मला सोनाबाईचा तो धड डोळा दिसत होता. आळेफाट्याला टेम्पो नाही. नारायणगावातही नाही... मंचरला एका टपरीपुढे दिसला. मी धावत जाऊन पट्ट्या उपटू लागलो.

सोनाबाई शांतपणे म्हणाली, "मला ठावं व्हतं भाऊ, पट्टी चांगल्या डोळ्यावर हाय. पर तुमी शिकल्याली माणसं. तुमाला कसं सांगायचं?"

ताईंनी मला रस्त्याकडेला नेलं. "तिनं त्यो डोळा दिला असता," त्या हळू म्हणाल्या, "आपला मान राखाया."

पुढच्या बैठकीत मी राजीनामा ठेवला. ताईंनी त्याची घडी घालून माझ्याच खिशात खुपसली. "पळू नगंस. पट्ट्या तूच लावायच्या. आधी माणसानं आपला हात आपल्या अधू डोळ्यावर ठिवायचा, मग तू." त्यानंतरच्या प्रत्येक शिबिरात तसंच झालं, आणि ताई शेजारी उभ्या राहून माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

गेल्या आठवड्यात माझंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नर्स कागद घेऊन आली. बाई, डोळा बरोबर लिहिलाय ना, एवढंच विचारायचं होतं. पण जीभ उचलेना. तिला काय वाटेल... आणि हात आपोआप मोतीबिंदूच्या डाव्या डोळ्यावर गेला.

"काका, हात काढा."

"काढतो," मी म्हटलं. "आधी कागद वाचून दाखवा."